सुट्या भागांचं विमान

मी विमानाचा इंजिनिअर नाही. आयटीआय केलं, भोसरीतल्या एका मशीनशॉपमध्ये लागलो आणि पुढची बरीच वर्षं इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढली. आलेला जॉब ड्रॉइंगशी ताडून पाहायचा, मापात असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर लाल खूण करून बाजूला ठेवायचा. विमानांचा नाद नंतर लागला. अपघातांचे चौकशी अहवाल वाचता वाचता इंग्रजी सुधारलं, शब्दकोश फाटला, आणि हळूहळू त्या अहवालांमधली भाषा कळू लागली. कारण ती मुळात माझ्याच टेबलावरची भाषा होती : माप, सांधा, तपासणी, सही.

त्या काळातला एक प्रसंग आधी सांगतो, कारण पुढचा सगळा लेख त्याच्याच आधारानं मला समजला. एका मोठ्या कंपनीनं गिअरबॉक्सचं घर आमच्याकडे करायला दिलं होतं आणि त्यावरचं झाकण चिंचवडच्या दुसऱ्या शॉपकडे. दोन्ही जॉब आपापल्या इन्स्पेक्शनमध्ये पास झाले. कंपनीत गेल्यावर मात्र झाकण घरावर बसेना. भोकं जुळत नव्हती. कंपनीचे साहेब आम्हाला म्हणाले, "तुमचा जॉब चुकलाय." त्यांनी तेच चिंचवडवाल्यांनाही सांगितलं. तीन आठवडे चलनं आणि जॉब इकडून तिकडे फिरले. शेवटी कळलं की आम्ही एका बाजूकडून मापं घेत होतो आणि ते दुसऱ्या बाजूकडून. मोजायला सुरुवात कुठून करायची, हे ड्रॉइंगवर लिहिलेलंच नव्हतं. पूर्वी दोन्ही भाग कंपनीतच एकाच मशीनवर होत. ते करणारा जुना कारागीर हे जाणून होता. तो निवृत्त झाला, काम बाहेर गेलं, आणि त्याच्या डोक्यातलं ते एक वाक्य कुठेच गेलं नाही.

हीच गोष्ट जगातल्या सर्वांत नावाजलेल्या विमान कंपनीच्या बाबतीत, अब्जावधी डॉलरच्या मापानं घडली. तिचं नाव बोइंग ७८७, म्हणजे ड्रीमलायनर.

पोकळ विमानाचा सोहळा

८ जुलै २००७ हा रविवार होता. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात, म्हणून त्यांच्या पद्धतीनं ती तारीख होत होती ७-८-७. असा मुहूर्त पुन्हा मिळणार नव्हता. सिएटलजवळच्या एव्हरेट इथल्या कारखान्यात सुमारे पंधरा हजार माणसांसमोर दरवाजे उघडले आणि नवंकोरं, रंगवलेलं विमान दिसलं. दोन महिन्यांच्या आत ते उडेल आणि मे २००८ मध्ये पहिलं विमान जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजला मिळेल, असं तेव्हा वेळापत्रक होतं.

प्रत्यक्षात ते एक कवच होतं. आतल्या यंत्रणा बहुतांशी बसवलेल्याच नव्हत्या. कवचाचे भाग अनेक ठिकाणी तात्पुरत्या बोल्टांनी धरून ठेवले होते. सोहळा संपल्यावर विमान पुन्हा आत नेलं, ते बोल्ट शोधून शोधून काढायचे, त्यांच्या जागी खरे बसवायचे आणि प्रत्येकाची नोंद करायची, असं काम सुरू झालं. विमान पहिल्यांदा उडालं १५ डिसेंबर २००९ रोजी. पहिल्या ग्राहकाच्या हाती ते पडलं सप्टेंबर २०११ मध्ये, म्हणजे ठरल्यापेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिरा. २००६ च्या सुरुवातीला सत्तावीस ड्रीमलायनर मागवणारी आपली एअर इंडिया २००८ पासून वाट पाहत होती. तिचं पहिलं विमान दिल्लीत उतरलं सप्टेंबर २०१२ मध्ये.

मधल्या काळात काय झालं?

विमानात नवं काय होतं

आधीची प्रवासी विमानं मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमची. पत्रे कापायचे, वाकवायचे, हजारो रिव्हेट मारून जोडायचे. ७८७ च्या रचनेत वजनानं निम्मा भाग कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा आहे. त्याआधीच्या ७७७ मध्ये हे प्रमाण सुमारे बारा टक्के होतं. राळेत भिजवलेल्या कार्बन तंतूंच्या पट्ट्या यंत्रानं एका प्रचंड फिरत्या साच्यावर गुंडाळत जायच्या आणि मग तो सगळा गोळा दाबाच्या भट्टीत भाजायचा. बाहेर येतो तो विमानाच्या पोटाचा अख्खा, बिनजोड पिंप. अशा एका पिंपामुळे सुमारे दीड हजार पत्रे आणि चाळीस ते पन्नास हजार रिव्हेट-बोल्ट वाचतात, असा कंपनीचा हिशेब होता. वजन घटतं आणि गंज लागत नाही. केबिनमधला हवेचा दाबही जास्त ठेवता येतो, त्यामुळे लांबच्या प्रवासात माणूस कमी थकतो.

दुसरा बदल विजेचा. जुन्या विमानांत केबिनची हवा आणि पंखांवरचा बर्फ वितळवण्याची ऊब इंजिनातून काढलेल्या गरम हवेवर मिळे. ७८७ मध्ये ही कामं विजेवर आणली. इंजिनांवर चार आणि शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनावर दोन, असे सहा जनित्र बसवले. त्यांची एकत्र क्षमता साडेचौदाशे केव्हीए. एवढी वीज आली की तिचे नियंत्रक आले, तारा आल्या, आणि वजनानं हलक्या पण ताकदीच्या लिथियम-आयन बॅटऱ्या आल्या.

म्हणजे पदार्थ नवा, बनवण्याची रीत नवी, विजेची मांडणी नवी. यातलं एकेक आव्हानही मोठं होतं. बोइंगनं त्यांच्या जोडीला चौथं आव्हान घेतलं : काम करून घेण्याची पद्धतही नवी.

काम बाहेर का गेलं

विमानाचे भाग बाहेरून करून घेणं बोइंगला नवीन नव्हतं. ७७७ च्या वेळीही जपानी कंपन्यांकडे मोठा वाटा होता. पण तेव्हा बोइंगचे लोक ड्रॉइंग करून देत आणि बाहेरचे लोक त्याबरहुकूम माल बनवत. आपल्याकडच्या जॉबवर्कसारखंच. ७८७ मध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास काम बाहेर गेलं, आणि सोबत त्या भागांच्या तपशीलवार रचनेची जबाबदारीही गेली. सुमारे पन्नास मोठे भागीदार नेमले. प्रत्येकानं आपला भाग स्वतः रेखाटायचा, त्याला लागणारे छोटे पुरवठादार स्वतः शोधायचे, आत तारा-नळ्या बसवायच्या आणि तयार तुकडा एव्हरेटला पाठवायचा. तिथे ते तुकडे एकमेकांत बसवायला तीन दिवस पुरतील, असं स्वप्न होतं.

वाटणी अशी झाली. पंख मित्सुबिशीकडे. बोइंगनं तोवर पंख कधी बाहेर दिला नव्हता. दोन पंखांना सांधणारी मधली पेटी फुजीकडे, पुढच्या पोटाचा एक भाग कावासाकीकडे. सांगाड्याचा पस्तीस टक्के वाटा या तीन जपानी कंपन्यांचा. मधलं पोट आणि आडवी शेपटी इटलीच्या अलेनियाकडे. मागचं पोट अमेरिकेतल्याच दक्षिण कॅरोलायना राज्यात व्हॉट या कंपनीकडे. नाक आणि कॉकपिट विचिटा शहरातल्या स्पिरिट एअरोसिस्टिम्सकडे. ही स्पिरिट म्हणजे बोइंगचाच जुना कारखाना, २००५ मध्ये विकून टाकलेला. दरवाजे फ्रान्समधून, मालाच्या कप्प्याचे दरवाजे स्वीडनमधून. हे अवजड तुकडे आणायला चार जुनी ७४७ विमानं फुगवून मालवाहू करून घेतली.

यामागे पैशाचं गणित होतं. भागीदारांनी आपल्या वाट्याचा विकासखर्च स्वतः करायचा आणि विमान ग्राहकाच्या ताब्यात गेलं की मग आपले पैसे घ्यायचे. म्हणजे बोइंगचं भांडवल कमी अडकणार. १९९७ मध्ये मॅकडोनेल डग्लस ही कंपनी बोइंगमध्ये विलीन झाली होती, २००१ मध्ये मुख्यालय सिएटलच्या कारखान्यांपासून दूर शिकागोला गेलं होतं. कंपनीच्या मालमत्तेवर किती टक्के परतावा मिळतो, या एका आकड्याला त्या काळात फार मान आला होता. हा आकडा वाढवायचे दोन मार्ग असतात. नफा वाढवायचा, नाही तर मालमत्ता कमी करायची. कारखाना विकला, मशीन दुसऱ्याच्या दारात उभं केलं, की कागदावर परतावा लगेच वाढतो.

सेंट लुईसमध्ये वाचलेला निबंध

या साऱ्याचा इशारा कंपनीच्या आतूनच, काम सुरू होण्याआधी दिला गेला होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सेंट लुईस इथे बोइंगच्या तंत्रज्ञांचं संमेलन भरलं होतं. तिथे एल. जे. हार्ट-स्मिथ यांनी एक निबंध मांडला. संमिश्र पदार्थांच्या सांध्यांवर आयुष्यभर काम केलेला हा माणूस डग्लसच्या परंपरेतला. त्यानं तोट्यात गेलेल्या डीसी-१० विमानाचे अनुभव जवळून पाहिलेले.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. काम बाहेर दिलं की त्याच्याबरोबर नफाही बाहेर जातो. डीसी-१० मध्ये भाग बनवणाऱ्यांनी कमावलं आणि वाढलेला खर्च डग्लसच्या अंगावर पडला. भाग जितक्या ठिकाणी बनतील तितके सांधे वाढतात. प्रत्येक सांध्याची आखणी, वाहतूक, पत्रव्यवहार यांचा खर्च स्वस्त मजुरीच्या हिशेबात कुणी धरत नाही. प्रत्येकाच्या छोट्या चुका शेवटी एकाच जागी येऊन साठतात, ती म्हणजे अंतिम जोडणी. आणि मुख्य कंपनीनं पुरवठादाराच्या दारात आपली तांत्रिक माणसं उभी केली नाहीत, तर तिचं विमान सर्वांत कच्च्या पुरवठादाराइतकंच चांगलं होईल. परताव्याच्या आकड्यावरही त्यांनी बोट ठेवलं होतं. मालमत्ता कमी करत करत शेवटी हाती कंपनीच उरत नाही.

मी हा निबंध अनेकदा वाचला आहे. त्यात काम बाहेर देऊच नका असं म्हटलेलं नाही. बाहेर द्यायचं तर त्याची तयारी आधी करा, आणि ती तयारी फुकट होत नाही, एवढंच त्यात आहे.

फट कुठून आली

पहिले तुकडे एव्हरेटला आले तेव्हा तयार तुकड्यांऐवजी कवचं आली. आतली जोडणी राहिलेली, काही भाग नाहीत, आणि कोणतं काम झालं आणि कोणतं राहिलं याचे कागदही अपुरे. तीन दिवसांत जोडणी करायला नेमलेल्या कामगारांनी आता दुसऱ्याचं अर्धवट काम उघडून, समजून, पूर्ण करायचं होतं. इन्स्पेक्शनवाल्याला विचारा. नवा जॉब करणं परवडतं. दुसऱ्यानं अर्धा केलेला, कागद नसलेला जॉब हातात आला की घाम फुटतो.

बोल्टही मिळेनात. विमानाचे बोल्ट टायटॅनियमचे, खास प्रमाणपत्राचे, मोजक्याच कंपन्या ते बनवतात. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर विमानधंदा बसला तेव्हा या कंपन्यांनी माणसं कमी केली होती. मागणी अचानक वाढली तेव्हा त्यांना ती झेपली नाही. तात्पुरते बोल्ट आले ते त्यामुळे. २००८ च्या अखेरीस तर काही बोल्ट चुकीच्या पद्धतीनं बसवल्याचंही आढळलं आणि चाचणीच्या विमानांवरचे हजारो बोल्ट पुन्हा तपासावे लागले.

पहिल्याच विमानात नाकाचा तुकडा आणि त्यामागचा पोटाचा तुकडा यांच्या सांध्यात फट निघाली. इथे पदार्थाचा स्वभाव आडवा येतो. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा थोडा दाबला, ओढला तर जुळवून घेतो. भाजलेलं कार्बनचं पिंप आपला आकार सोडत नाही. फार ओढून बसवलं तर आत ताण राहून जातो आणि तो वर्षानुवर्षं तसाच काम करत राहतो. म्हणून फट मोजून त्या मापाची पातळ चकती, म्हणजे शिम, आत भरावी लागते. आमच्या शॉपमध्ये याला पॅकिंग म्हणत. चालण्याजोगी फट किती? इंचाचा पाच हजारांश भाग, साधारण सव्वाशे मायक्रॉन. जाडसर केसाएवढी.

हा मुद्दा जुना म्हणून सोडून देता येत नाही. २०२० मध्ये बोइंगला आढळलं की काही विमानांच्या पोटाच्या सांध्यांत शिम योग्य मापाचे नव्हते आणि आतला पृष्ठभागही हवा तितका सपाट नव्हता. तपासणी आणि दुरुस्तीसाठी विमानं देणं थांबलं. मध्ये थोडे दिवस सुरू होऊन मे २०२१ पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत पुन्हा पूर्ण थांबलं. पहिली फट २००७ ची, ही फट पुढच्या दशकातली.

पंखाच्या मुळाशी

सगळाच दोष बाहेरच्यांवर टाकणंही चुकीचं आहे. जून २००९ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात बोइंगचे अधिकारी सांगत होते की महिनाअखेरपर्यंत विमान उडेल. त्यानंतर काही दिवसांतच, २३ जूनला, उड्डाण पुढे ढकललं गेलं. जमिनीवरच्या चाचणीत पंख वर वाकवून पाहताना, पंख जिथे पोटाला जोडला जातो तिथे संमिश्र पदार्थाचे थर सुटू लागले होते. पंखाच्या आतल्या कडक पट्ट्या जिथे संपतात, त्या टोकांवर ताण अपेक्षेपेक्षा जास्त येत होता.

पंख मित्सुबिशीचा, मधली पेटी फुजीची, जोडणी बोइंगची. ताणाचा हिशेब अखेर बोइंगच्या जबाबदारीतला. संगणकातलं गणित आणि प्रत्यक्ष पंख यांच्यात फरक निघाला होता. उपाय दिसायला साधा होता. पट्ट्यांच्या टोकांना इंग्रजी 'यू'च्या आकाराची खाच घ्यायची, म्हणजे ताण पसरेल, आणि तिथे नवे टायटॅनियमचे बोल्ट बसवायचे. पण तयार पंखाच्या आत, माणूस जेमतेम शिरेल अशा जागेत, हे काम करायचं होतं. त्यात महिने गेले.

ही चूक विमान एकाच छपराखाली बनवलं असतं तरी झाली असती का? कदाचित झाली असती. नव्या पदार्थात अशा चुका होतात. पण पंख रेखाटणारा, पेटी रेखाटणारा आणि चाचणी घेणारा रोज एकाच टेबलावर चहा पीत असते, तर ती कागदावर सापडण्याची शक्यता जास्त होती.

बॅटरी कुणाची?

७ जानेवारी २०१३. बोस्टन विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ७८७ उभं होतं. प्रवासी उतरून गेले होते, सफाई कामगार आत होते. त्यांना धूर दिसला. मागच्या भागातली बॅटरी पेटली होती. नऊच दिवसांनी, १६ जानेवारीला, जपानमध्ये ऑल निप्पॉनच्या विमानात बॅटरी जळाल्याचा वास आला आणि वैमानिकांनी ते ताकामात्सुला उतरवलं. त्याच दिवशी अमेरिकेच्या हवाई नियामकानं ७८७ चं उड्डाण थांबवलं. जगभरात पन्नास विमानं सेवेत होती, त्यांतली सहा एअर इंडियाची. एखाद्या जातीची सगळी विमानं नियामकानं जमिनीवर आणण्याची अमेरिकेतली ही १९७९ नंतरची पहिली वेळ. १९७९ ची वेळ होती डीसी-१० ची.

ही बॅटरी आठ घटांची, वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास. बोइंगनं वीज-रूपांतराच्या यंत्रणेचं काम फ्रान्सच्या थालेसला दिलं. थालेसनं बॅटरी क्योटोच्या जी. एस. युआसाकडून घेतली. बॅटरीवर नजर ठेवणारा विद्युत फलक कान्टो या दुसऱ्या जपानी कंपनीचा. चार्जर अ‍ॅरिझोनातल्या सिक्युराप्लेनचा. एका पेटीत चार कंपन्या, तीन देश, आणि त्या सगळ्यांवर बोइंगची सही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अंतिम अहवाल २०१४ च्या अखेरीस आला. एका घटात आतल्या आत शॉर्ट सर्किट झालं, उष्णता वाढत गेली आणि शेजारचे घट एकामागून एक पेटले. घट बनवताना काही दोष राहू शकतात, हे जी. एस. युआसाच्या कारखान्यात दिसलं. तरीही मंडळानं मुख्य बोट ठेवलं ते दुसरीकडे. एक घट असा बिघडला तर पुढे काय होईल, याचा सर्वांत वाईट अंदाज धरून बोइंगनं रचना केली नव्हती, आणि ही उणीव नियामकाच्याही लक्षात आली नाही. बॅटरीतून धूर निघण्याचा प्रसंग एक कोटी उड्डाणतासांत एकदाही येणार नाही, असं मंजुरीच्या वेळी धरलं होतं. प्रत्यक्षात या जातीच्या विमानांचे एकूण एक लाख तासही झाले नव्हते आणि दोन प्रसंग आले होते.

यात बनवणारा चुकला असेल, पण प्रश्न विचारणारा त्याहून जास्त चुकला. आपल्या हाती येणाऱ्या वस्तूला काय काय विचारायचं, हे ज्याला माहीत असतं तोच खरा तपासनीस. एप्रिल २०१३ मध्ये बॅटरीच्या घटांमध्ये जास्त निरोधन, भोवती पोलादी पेटी आणि धूर थेट विमानाबाहेर काढणारी नळी बसवून विमानं पुन्हा उडाली.

परत घरी

बोइंगनं दिलेलं काम हळूहळू परत घेतलं. जुलै २००९ मध्ये व्हॉटचा दक्षिण कॅरोलायनातला कारखाना सुमारे अठ्ठावन्न कोटी डॉलरला विकत घेतला. शेजारीच व्हॉट आणि अलेनियाची भागीदारी असलेला दुसरा कारखाना होता; त्यातला व्हॉटचा हिस्सा २००८ मध्ये आणि अलेनियाचा २००९ च्या अखेरीस घेतला. दरम्यान २००८ मध्ये बोइंगचे सत्तावीस हजार कामगार सुमारे आठ आठवडे संपावर होते. कामं बाहेर जाणं हा त्या संपातला एक मुख्य मुद्दा.

जानेवारी २०११ मध्ये कंपनीच्या प्रवासी विमान विभागाचे प्रमुख जिम अल्बॉ यांनी सिएटलमधल्या एका विद्यापीठात जाहीरपणे मान्य केलं की महत्त्वाचं तंत्रज्ञान जवळ ठेवलं असतं, तर लागला असता त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा नंतर सावरण्यात गेला. हार्ट-स्मिथ यांचा निबंधही त्यांच्या वाचनात आला होता. पुढे विकलेल्या विमानांतून वसूल होईल म्हणून खात्यात मागे ठेवलेला उत्पादनखर्च २०१५ च्या अखेरीस २८ अब्ज डॉलरच्या वर गेला होता.

धडा तेवढ्यावर संपला नाही. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्याच जातीच्या एका बोइंग विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला तुकडा हवेत निखळला. ते पोट स्पिरिटकडून आलं होतं. रिव्हेटच्या दुरुस्तीसाठी तो तुकडा बोइंगच्याच कारखान्यात उघडला गेला आणि त्याचे चार बोल्ट परत बसवलेच गेले नाहीत. अर्धवट काम, अपुरा कागद. जुलै २०२४ मध्ये बोइंगनं जाहीर केलं की स्पिरिट परत विकत घेणार. १९ वर्षांपूर्वी विकलेला आपलाच कारखाना.

दुसरी बाजू

इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळं घरातच बनवावं. तसंही नाही. एअरबस ही कंपनी जन्मापासूनच अनेक देशांत विभागलेली आहे, आणि तिनं उत्तम विमानं बनवली. तिच्या ए-३८० ला मात्र २००६ मध्ये दणका बसला. हॅम्बुर्गच्या अभियंत्यांनी तारांची आखणी संगणकप्रणालीच्या जुन्या आवृत्तीत केली, तुलूझच्या अभियंत्यांनी नव्या आवृत्तीत. विमान जोडताना तारा पोचेनात. कंपनी एकच होती, बाहेरचा कुणी नव्हता. तरी फट पडलीच. म्हणजे भिंत कुठे आहे यापेक्षा भिंतीपलीकडचं माणूस आपल्याशी बोलतं का, हे महत्त्वाचं.

ड्रीमलायनर फसलं असंही नाही. अकराशेहून अधिक विमानं ग्राहकांकडे गेली आहेत. इंधनाची बचत खरी ठरली. २०११ पासून जून २०२५ पर्यंत या विमानात एकही जीवघेणा अपघात झाला नव्हता.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं ७८७ कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. त्यानंतर मला अनेकांनी फोन करून विचारलं, "तुम्ही सांगत होता तेच झालं ना?" मी प्रत्येकाला नाही म्हणालो. जुलैमध्ये आलेल्या प्राथमिक अहवालात एवढंच नोंदलं आहे की उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेले. या लेखातल्या सांध्यांशी, बोल्टांशी, बॅटरीशी त्याचा संबंध दाखवणारी ओळ त्यात नाही. जे अहवालात नाही ते आपल्या लाडक्या सिद्धान्तात कोंबणं म्हणजे न मोजता शिक्का मारणं.

आपण सांध्याच्या कोणत्या बाजूला?

मराठी वाचकाला या गोष्टीशी काय करायचं आहे? नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात ७८७ च्या जमिनीखालचे संमिश्र पदार्थांचे तुळे बनतात. प्रवासी ज्या जमिनीवर चालतो, तिचा भार घेणारे हे तुळे. तिथेच एअर इंडियाच्या विमानांच्या देखभालीचं केंद्रही उभं राहिलं. म्हणजे या गोष्टीत आपण प्रेक्षक नाही. आपण त्या पन्नास-शंभर टेबलांपैकी एका टेबलावर बसलो आहोत, जिथून तुकडे निघतात.

हार्ट-स्मिथ यांचा निबंध उलट्या बाजूनं वाचला तर तो आपल्यासाठी आहे. काम बाहेर गेलं की त्याच्याबरोबर नफा आणि ज्ञानही बाहेर जातं, असं ते आपल्या कंपनीला बजावत होते. ते बाहेर म्हणजे आपण. पण आपल्याकडे नक्की काय येतं, हे पाहायला हवं. ड्रॉइंगबरहुकूम माल करून चलनावर सही घेतली, तर मजुरी येते. तो तुळा त्याच मापाचा का, त्यावर ताण कुठून येतो, तो शेजारच्या भागाला कसा भेटतो, हे विचारायची मुभा आणि सवय असेल, तर ज्ञान येतं. जपानी कंपन्यांनी अनेक दशकं बोइंगची कामं करताना हे दुसरं मागून घेतलं, म्हणूनच पंखापर्यंत पोचल्या.

भोसरीच्या त्या गिअरबॉक्समध्ये आमचीही एक चूक होती. ड्रॉइंगवर मोजायची सुरुवात लिहिलेली नाही, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी विचारलं नाही. विचारणं हे आमचं काम नाही, असं तेव्हा वाटायचं. माझा जॉब मापात होता, शिक्का मारला आणि पुढच्या जॉबकडे वळलो. आज नागपूरच्या एखाद्या टेबलावर पंचविशीतला कुणी मुलगा किंवा मुलगी तुळ्याचं माप घेत असेल. ड्रॉइंगमध्ये काही खटकलं तर फोन उचलून समुद्रापलीकडे विचारायची हिंमत त्याच्यात असावी, आणि त्या फोनला उत्तर देणारं कुणी तरी पलीकडे असावं.